खळीचं छत

डॉक्टरीणबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पोस्टकार्डावर मावेल एवढंच होतं, पण त्यांनी ते जाड कागदावर लिहून पाकिटात घालून पाठवलं होतं. ‘बाइंडरसाहेब, गाडी विकली ही माझी चूक झाली. ती तुमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते असं दूधवाला सांगत होता. तुम्हाला नको असेल तर मला परत द्या. हवी असेल तर तसं कळवा, मी पुन्हा विचारणार नाही. परत देता का, हो किंवा नाही, एवढंच लिहा.’

एवढंच! मी उभा जन्म ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करण्यात घालवला. पुस्तकं माणसाला काही विचारत नाहीत, म्हणून तिथे माझं निभावलं. माणसाने काही विचारलं की माझ्या तोंडून ‘हो’ निघून जातं आणि मग मी त्या ‘हो’च्या मागे फरफटत जातो. न्हाव्याने “मिशी काढून टाकू?” असं विचारलं आणि माझी मिशी गेली. शेजाऱ्यांनी “आमची मांजरं दोन दिवस ठेवाल का?” असं विचारलं आणि ती मांजरं आमच्याकडेच म्हातारी झाली.

गाडीसुद्धा अशीच आली. डॉक्टरीणबाई गुरांच्या डॉक्टर. निवृत्त होऊन लहान घरात जाताना त्या सामान काढत होत्या. त्यांच्याकडे काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट आहे असं ऐकून मी गेलो, तर त्या म्हणाल्या, “कपाट कालच गेलं हो. गाडी घेता?”

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “बरं.”

गाडी म्हणजे बुटकी, दोन दरवाज्यांची, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार. शर्यत सुरू व्हायच्या आधी पोरं झुकतात तशी पुढे झुकलेली. एखाद्या हौशी श्रीमंताने ती रविवारी बाहेर काढावी, पण डॉक्टरीणबाईंनी तिच्यात बसून गावोगावची बाळंतपणं केली होती, गाईंची. मीटरवर तीन लाखांच्या वर किलोमीटर. मी ती दुसऱ्या गिअरमध्ये घरापर्यंत आणली. मागे गाड्यांची वरात लागली होती.

“कपाट मिळालं नाही,” मी बायकोला म्हणालो.

तिने खिडकीतून पाहिलं. “मग हे काय आणलंत?”

“बघितल्यावर कळेल.”

“बघतेच आहे. कळत नाहीये.”

त्यानंतर मी गाडी चालवली नाही. भीती वाटायची. ग्रंथालयाची पुस्तकांची व्हॅन मी काही वर्षं हाकली होती, पण ती गरीब गाय होती. हिचं नुसतं दार लावलं तरी आपण काहीतरी कबूल केल्यासारखं वाटे. म्हणून मी तिच्यावर ताडपत्री घातली. आणि रोज दुपारी ताडपत्रीची कड उचलून, आत शिरून, स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत बसू लागलो. इतकं सुख मला दुसऱ्या कुठल्याच खुर्चीत मिळालेलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. समोर रस्ता नव्हता, शेडची भिंत होती. पण आपण निघालोच आहोत असं वाटत राही.

आणि त्यात ते पत्र आलं. मला लिहिता येत होतं ते ‘हो’, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते लिहावंसं वाटत नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. महिने गेले.

शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, त्या बाईंना काय ते कळवा.”

“हो.”

“हो म्हणजे कळवता, की हो म्हणजे गाडी देता?”

“त्यांची गाडी आहे. त्यांनाच शोभते. आपण काय, म्हातारी माणसं.”

“त्या आपल्यापेक्षा मोठ्या आहेत.”

मी शब्दकोश उघडला, पत्र पाहिलं आणि पुन्हा मिटला.

“बरं, द्यायची तर द्या,” ती म्हणाली. “पण अशी नाही. माझ्या दुकानातून मळका कपडा कधी बाहेर गेलेला नाही.”

बायकोची लॉन्ड्री होती. दुकान आता बंद झालं, पण ती बंद झालेली नाही. तिने कपाटातून खुणेच्या कापडी चिठ्ठ्यांचा जुना डबा काढला, एका चिठ्ठीवर शाईने ‘डॉक्टरीणबाई’ असं लिहिलं आणि सेफ्टी पिनने ती चिठ्ठी ड्रायव्हरच्या सीटला लावून टाकली. चिठ्ठी लागली की माल गिऱ्हाइकाचा. मी तिथे उभा होतो. माझ्या कोटाला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागल्यासारखं मला वाटलं.

इंजिनाच्या कामाला तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याने बस चालवण्यात जन्म काढलेला. आमच्या घरात सगळे त्याला गिअरमामा म्हणतात, त्याची सख्खी बहीणसुद्धा. त्याने ताडपत्री ओढली, गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“भाऊजी, दोनशे घोड्यांचं इंजीन असं ऐकलं होतं. घोडे आतच राहायचे की काय?”

“डॉक्टर होत्या त्या.”

“वास डॉक्टरचा नाही, पेशंटचा आहे.”

आधी सीटा काढायच्या होत्या. प्रत्येक सीट चार बोल्टांवर असते, आणि ते बोल्ट सोडवायला माणसाला पायांच्या जागेत डोकं घालून उलटं व्हावं लागतं. गिअरमामाचं पोट आड येत होतं, बायकोची कंबर धरली होती, म्हणून मी आत गेलो. एक बोल्ट सुटला तेव्हा मी इतका ओरडलो की बायकोला वाटलं बोट चेमटलं.

“काय झालं?”

“सुटला!”

“मग रडताय कशाला?”

“रडत नाही, हसतोय!”

“अहो, मला फक्त तुमच्या चपला दिसताहेत. चपलांवरून कळत नाही.”

सीटांखाली एक गोठाच होता. पेंढा निघाला, बकरीचे केस निघाले, वासराच्या कानात अडकवतात तसला पिवळा बिल्ला निघाला, कोकराला दूध पाजायच्या बाटलीचं रबरी बोंड निघालं, आणि वाळून दगड झालेला एक पाव निघाला. तो गिअरमामाने टेबलावर आपटून पाहिला. “ताई, हा ठेवून दे. चाकाखाली लावायला होईल.”

बायको गुडघ्यांवर बसून गालिच्याच्या डागांशी बोलू लागली. ती डाग नुसता पाहत नाही, त्याला नाक लावते आणि मग जाहीर करते. “हे आयोडीन. हे दूध. हा ग्रीसचा, तो शेवटी जाईल. आणि हे...” ती जराशी मागे सरली. “हे नका विचारू. गाईचं आहे, एवढंच सांगते.”

मग तिने पाणी सोडलं. इथे आमचं पहिलं भांडण झालं. पुस्तकवाल्याला पाणी म्हणजे शत्रू. मी ओला स्पंज पिळून पिळून, जवळजवळ कोरडा करून वापरणारा माणूस. आणि ती बादल्या ओततेय! गालिचे तिने दोरीवर टाकले, साबण चोळला आणि पाइपाने असे झोडपले की अंगणातून चहासारखं पाणी वाहायला लागलं. मग कॉफीसारखं. मग, बऱ्याच वेळाने, पाण्यासारखं.

“पुरे की गं! विरघळेल!”

“कपडा पाण्यात विरघळत नाही. पुस्तकंच नाजूक.”

“पुस्तकं नाजूक नसतात. माणसं त्यांच्यावर पाणी ओततात.”

“अहो, मी तुमच्या पुस्तकांवर कधी पाणी ओतलंय?”

“चहा ओतला आहेस.”

“तो तुम्ही हलवला होतात.”

सीटा ठेवायला शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून त्या बैठकीच्या खोलीत आणल्या. त्या इतक्या बुटक्या, की जमिनीवर ठेवल्यावर बसणाऱ्याचे पाय सरळ समोर जातात. कामातून उठून आम्ही त्यांत बसून चहा घ्यायला लागलो. समोर पुस्तकांची मांडणी, बाजूला मांजरं. एकदा सहज माझा उजवा पाय दाबला गेला. बायकोने ते पाहिलं, कप खाली ठेवला आणि तोंडाने आवाज काढला, “घुर्रर्र...” मी गिअर बदलला. तिने वरचा सूर लावला. मी वळण घेतलं, ती माझ्या अंगावर कलली. गिअरमामा दारात येऊन उभा राहिला, किती वेळ कोण जाणे.

“मी नंतर येऊ का?” तो म्हणाला.

“सिग्नल आहे. थांब,” बायको म्हणाली.

सीटांचं चामडं माझ्या वाट्याला आलं, आणि तिथे मात्र माझे हात सुधारले. मऊ ब्रश, साबणाचा फेस, फेस पुसायचा, पुन्हा फेस. राखाडी सीट आतून तपकिरी निघाली, आणि तपकिरी रंग असा, की जुन्या चांगल्या ग्रंथाच्या कण्याला असतो तसा. ड्रायव्हरच्या सीटची कड चिरली होती. तीन लाख किलोमीटर एक बाई त्याच कडेवरून आत-बाहेर सरकत होती. मी चिरेच्या आतून पातळ तासलेल्या चामड्याचा तुकडा सरकवला, तो चिकटवला, बांधणीच्या हाडाच्या पट्टीने दाबला, रंग मिसळून लावला. बायकोने बोट फिरवून पाहिलं. “चीर कुठे होती?”

“इथे.”

“इथे काही नाही.”

मी दिवसभर शीळ घालत होतो. मला शीळ येत नाही.

मग बाहेरचं अंग. आम्ही सगळे त्या रंगाला विटकरी म्हणत होतो. गिअरमामाने गाडीवाले वापरतात तो मळलेल्या मातीसारखा गोळा आणला. साबणाच्या पाण्यात बुडवून तो पत्र्यावरून फिरवायचा, म्हणजे रंगात रुतलेले डांबराचे कण त्याला चिकटून येतात. आधी गोळा करकरतो, मग हळूहळू आवाज थांबतो आणि तो नुसता सरकायला लागतो. त्यानंतर पॉलिश. मी बॉनेटवर टोपीएवढी जागा घासली, फडकं उचललं, आणि खाली लाल होता! भडक, ओला, बेशरम लाल. पिवळट झालेल्या दिव्यांच्या काचाही आम्ही बारीक ओल्या पॉलिश कागदाने घासल्या आणि गाडीने डोळे उघडले.

“अगं, ही लाल आहे!”

“म्हणजे आतापर्यंत आपण डाग घेऊन हिंडत होतो,” बायको म्हणाली. तिने दारात स्वतःचं प्रतिबिंब पाहिलं. “अहो, मी फार जाडी दिसते.”

“तो दाराचा बाक आहे.”

“सावरलंत हं.”

छताचं काम शेवटी ठेवलं होतं. आतलं कापड जागोजागी सुटून लोंबत होतं, कारण त्याच्या मागचा स्पंज सडला होता. आम्ही छताचा पुठ्ठा खाली काढला, कापड सोलून काढलं, आणि स्पंजाचं पिवळं पीठ असं उडालं की आम्ही तिघेही हळद लावल्यासारखे पिवळे झालो. पुठ्ठा! मी त्यावर हात फिरवला. छत म्हणजे पुठ्ठा आणि त्यावर ताणलेलं कापड. म्हणजे पुस्तकाची बांधणी की हो! इतकी वर्षं कोणी मला सांगितलं नव्हतं.

“दुकानात फवाऱ्याचा गोंद मिळतो, तो आणतो,” गिअरमामा म्हणाला.

“फवाऱ्याचा? गोंद काय फवारायची वस्तू आहे?”

“भाऊजी, सगळे तोच वापरतात. त्याला उन्हाचं, गरमीचं काही होत नाही.”

मी आयुष्यात क्वचित कोणाला अडवलं आहे, पण इथे मला खात्री होती. मी स्वयंपाकघरात जाऊन गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, गुठळी होऊ न देता, मंद आचेवर ढवळत. नवं कापड आणलं, मऊशार, पिठूर राखाडी. खळ सारखी लावली, मधून कडेकडे दाबत गेलो, वर फळ्या आणि शब्दकोशांचे सगळे खंड ठेवले. सकाळी काढलं तेव्हा एक सुरकुती नव्हती. छत बसवून मी गाडीत आडवा होऊन ते पाहत राहिलो.

“भाऊजी,” गिअरमामा म्हणाला, “हे गाडीचं छप्पर आहे. कोणी वाचणार नाहीये.”

“शंभर वर्षं हलणार नाही,” मी म्हणालो. असं वाक्य मी एरवी बोलत नाही. ते तोंडातून गेल्यावर मलाच जरा भीती वाटली.

इंजिनाला त्याने नवे प्लग, नवं तेल, नवा पट्टा, नवी बॅटरी दिली. मग म्हणाला, “बसा.”

“मी?”

“मग काय मांजर?”

मी किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. तिने शिंक दिली, मागून निळा धूर आला, मांजरं भिंतीवर चढली, आणि मग ती बोलू लागली. तो आवाज कानाने ऐकायचा नव्हताच. तो पाठीतून वर येत होता, मी सांधलेल्या चामड्यातून. मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. बायको बाहेरून काहीतरी ओरडत होती. मी खिडकीची काच खाली केली, ती निम्म्यावर येऊन अडकली.

“काय म्हणतेस?”

“म्हटलं, तुमच्या डोक्याला काही झालंय का!”

“हो!” मी म्हणालो.

गाडी तयार झाली. म्हणजे देण्याची वेळ आली. सकाळी मी चांगल्या कागदावर लिहिलं, ‘सौजन्यपूर्वक कळवतो की गाडी तयार आहे. केव्हाही घेऊन जावी.’ बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि मला परत दिलं. पाकिटाला घडी पडली होती, म्हणून त्यावर इस्त्री फिरवून दिली. रागावली की ती इस्त्री करते.

“पोस्टात चालत जाता, की गाडी नेता?” तिने विचारलं.

“चालत.”

“एकदा तरी चालवा. नाहीतर त्या विचारतील कशी चालते, आणि तुम्ही ‘बरी’ म्हणाल.”

ग्रीसच्या डागासाठी गालिचे काल पुन्हा धुतल्यामुळे अजून ओले होते. मी तिला म्हणालो होतो दोन दिवस उन्हात राहू दे. ती म्हणाली होती गाडीतच वाळतील, आणि तिने ते बसवून टाकले होते. चपलांखाली पचपच आवाज येत होता. पण त्या क्षणी भांडायला आम्हा दोघांनाही फुरसत नव्हती. सीटा परत बसल्या होत्या, चिठ्ठीसकट. आम्ही निघालो.

पहिला गिअर, दुसरा. आणि मग, कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी, तिसरा. तिसरा! बायकोने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चढावर गाडीने मला विचारलंसुद्धा नाही, ती सरळ वर गेली. सायकलवरचा एक जाडा गृहस्थ मागे पडला. मी कधी कोणाला मागे टाकलं नव्हतं.

“माफ करा हं!” मी खिडकीतून ओरडलो.

“माफी काय मागता, हॉर्न द्या!”

मी हॉर्न दिला. तो बैलासारखा हंबरला.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, “अहो, गरम होतंय.”

खरंच होत होतं. हीटरचं बटण मी डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, ते बटण माझ्या हातात आलं. हीटर पूर्ण जोरात सुरू झाला होता आणि बंद व्हायला तयार नव्हता. आम्ही हवेचे झरोके इतके स्वच्छ केले होते की त्यांतून वादळ येत होतं. आता ते वादळ खाली ओल्या गालिच्यांवर जात होतं, आणि गालिच्यांतून वाफ उठत होती. काचा पांढऱ्या झाल्या. बायको रुमालाने समोरची काच पुसत होती, मी नाक काचेला लावून चालवत होतो, दोघांच्याही चष्म्यांवर धुकं होतं.

“लॉन्ड्रीत असंच असतं!” ती आनंदाने ओरडली. “फक्त हलत नसतं!”

वाफ. ग्रंथालयात जुन्या पुस्तकाचं कापड सोडवायचं असेल तर मी काय करायचो? किटलीची वाफ द्यायचो. खळ वाफेने सुटते. हे जगात मला जेवढं ठाऊक आहे तेवढं फार थोड्यांना ठाऊक असेल. आणि ते मला आठवलं त्याच वेळी माझ्या टकलावर काहीतरी ओलं, मऊ, कोमट टेकलं.

मी हळूच वर पाहिलं. वर पाहायला जागा नव्हती. छत खाली येत होतं. सावकाश, एकसंध, एक सुरकुती न पडता, अगदी डौलात. मधून सुटलं, मग कडांनी, आणि अर्ध्या उघड्या खिडकीतून वारा आला तसं ते फुगलं आणि आम्हा दोघांच्या डोक्यावरून खांद्यांपर्यंत आलं.

“अहो!”

“दिसत नाहीये!”

“मग थांबा की!”

मी थांबलो. कुठे थांबलो ते आधी कळलं नाही. दोघंही त्या राखाडी कापडाखाली बसलो होतो, गव्हाच्या पिठाचा वास येत होता, हीटर घोंघावत होता. बायको म्हणाली, “शंभर वर्षं,” आणि मग ती हसायला लागली. मी तिचं हसणं दुकानातून, कपड्यांच्या ढिगापलीकडून पुष्कळदा ऐकलं आहे, पण हे वेगळं होतं, गुदमरणारं, हुंदके देणारं. माझंही तेच झालं. ती “ख...खळ” म्हणे आणि पुढचं बोलता येईना. मी “गा...गालिचे” म्हणे. पोटात कळ आली. आम्ही एकमेकांचे हात धरले होते, कारण धरायला दुसरं काही सापडत नव्हतं.

काचेवर कोणीतरी टकटक केली. मी कापड कपाळावर चढवलं. आम्ही एका कारखान्याच्या भिंतीला लागून उभे होतो, आणि एक टेम्पोवाला खाली वाकून पाहत होता. म्हणजे गाडीकडे पाहत होता. आम्ही त्याच्या नजरेत आलोच नव्हतो.

“काय गाडी आहे हो काका! कसली चमकतेय! विकायची आहे का?”

“नाही!” मी म्हणालो.

तो बिचारा एक पाऊल मागे सरला. मी एवढ्या जोरात बोलीन असं त्याला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

“बरं बरं, विचारलं फक्त,” म्हणत तो गेला.

शेजारच्या कापडातून आवाज आला. “काय म्हणालात?”

“नाही म्हणालो.”

“पुन्हा म्हणा.”

“नाही.”

बायकोने कापड वर सारलं. तिचे केस पिठाने चिकटले होते. दोन्ही तळहात वर करून तिने छत पुठ्ठ्याला दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला ते पाहणं सहन होईना. मी लगेच वाट काढली. “मी काय म्हणतो, असं छत घेऊन गाडी परत कशी द्यायची? त्यांना लिहू, की काम अपुरं आहे. छत व्हायला वेळ लागेल. हीटरही बघायचाय. मग पुढे बघू.”

“नाही,” ती म्हणाली.

“अगं, पण अपुरं तर आहेच.”

“आहे. ते दोन दिवसांत होईल, फवाऱ्याचा गोंद आणून. मग काय लिहाल? गालिचे ओले आहेत? अहो, त्या बाईंनी सरळ विचारलंय. गिऱ्हाइकाला उद्या-परवा करत नाचवायचं नाही. द्यायची असेल तर द्या. नसेल द्यायची तर नाही म्हणा. मला छत धरून हात भरून आलेत, लवकर ठरवा.”

मी पाकीट काढलं. इस्त्री केलेलं पाकीट वाफेने पुन्हा वाकडं झालं होतं. आतला कागद काढून मागची बाजू वर केली, शब्द मनात जुळवले. मोठमोठी पुस्तकं मी शिवली आहेत, आणि मला एक ओळ जमेना.

“वाचा काय लिहिताय ते.”

“‘आपल्या पत्राला उत्तर द्यायला विलंब झाला त्याबद्दल अत्यंत दिलगीर असून, सांप्रत परिस्थितीत...’”

“खोडा.”

“‘माझी तशी योग्यता नाही हे जाणूनही...’”

“खोडा. योग्यता कोणी विचारली? गाडी विचारली.”

“‘शक्य झाल्यास...’”

“अहो!”

मी खोडलं. मग मी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, ‘डॉक्टरीणबाई, गाडी देत नाही. ती मला हवी आहे.’

“‘मला’ काय? मी ते आयोडीन काढलंय.”

मी ‘मला’ खोडून ‘आम्हाला’ केलं. आता पान उघडं दिसत होतं. दोन वाक्यं, आणि दोन्हींत कुठे आडोसा नाही. एका बाईला तिच्या तीन लाख किलोमीटरांबद्दल एवढंच सांगायचं? मी तिच्या जागी असतो तर काय वाचावंसं वाटलं असतं, याचा विचार केला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी या. तुम्ही चालवा, मी शेजारी बसेन. छत सध्या हाताने धरावं लागतं, पण शेजारी बसणाऱ्याला तेवढंच काम असतं.’

“हे चांगलं आहे,” बायको म्हणाली. “आता चला, मला हातांतलं रक्त उतरल्यासारखं वाटतंय.”

पाकीट बंद करायचं होतं. गोंद नव्हता. मी वर बोट नेलं, छतावरून थोडी खळ निपटली आणि पाकिटाच्या कडेला लावली. ती झकास बसली.

कापडाच्या चिठ्ठीची आठवण बायकोलाच झाली. “पाठीमागे हात घाला. पिन टोचेल, जपून.” मी चिठ्ठी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली आणि इंजीन सुरू केलं.

पोस्टापर्यंत आम्ही तसेच गेलो. मी चालवत होतो, ती दोन्ही हातांनी छत उचलून बसली होती, आणि वाटेतल्या प्रत्येकाला वाटत होतं की ती कोणाला तरी शरण जातेय. वळणावर छत तिच्या हातातून निसटलं की अंधार होई, ती “थांबा! धरते!” म्हणे, आणि पुन्हा उजेड होई.

पोस्टाच्या दारात, एकेरी रस्त्याच्या उजव्या कडेला, पत्रपेटी होती. खाली उतरून पत्र टाकायला मला त्या बुटक्या सीटमधून बाहेर यावं लागलं असतं, आणि माझे गुडघे तसं वचन देईनात. म्हणून मी गाडी पदपथाला अगदी घासून पेटीजवळ नेली. अर्ध्या अडकलेल्या काचेतून हात बाहेर काढला. पेटीची फट बरीच वर होती.

“पोचतंय का?” बायकोने छताखालून विचारलं.

“बोटभर राहिलंय.”

मागून एका गाडीने हॉर्न वाजवला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. सीटवर जरा उंच झालो, डोकं काचेतून बाहेर काढलं, खांदा ताणला, आणि पाकिटाचं टोक फटीत शिरलं. क्षणभर ते तसंच माझ्या दोन बोटांत राहिलं. मग मी बोटं सोडली.